चार निळी बटणं

क्वी न्योन
रविवार, १४ जुलै २०२४, सकाळचे साडेसहा

मिएन,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. नऊ वर्षांत तू मला एक अक्षर लिहिलेलं नाहीस, आणि मी तुला दहा-बारा पत्रं लिहून पेटीत ठेवली आहेत. अशा दोघी बहिणींमध्ये 'प्रिय' कुणी कुणाला म्हणायचं ते आधी ठरायला हवं. तेव्हा नुसतंच मिएन.

मी तुझ्या गावात आहे. काल संध्याकाळी रेल्वेने आलो, मी आणि हे. हॉटेल समुद्रासमोर, तिसरा मजला, खिडकीतून पाणीच पाणी. उद्या सकाळी परतीची गाडी आहे. म्हणजे हातात आजचा एक दिवस.

घरी सांगितलेलं कारण यांचा गुडघा. डॉक्टर म्हणाले, खाऱ्या पाण्यात पाय सोडून बसा. यावर हे म्हणाले, "खारं पाणीच हवं तर आपल्या नाम दिन्हहून तीन तासांवर समुद्र आहे की. एवढं दिवस-रात्र गाडीत कोंबून घ्यायचं कशाला?" मी म्हटलं, तिथे गर्दी फार असते. तुझे भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, गर्दीला घाबरणारी बायको त्यांनी या वयात प्रथमच पाहिली असेल.

पहाटे पाचला अख्खं गाव समुद्रात होतं. आम्हीही कपड्यांसकट उतरलो. पाणी इतकं कोमट की कुणी आपल्यासाठी तापवून ठेवलंय असं वाटावं. हे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून शेजारच्या माणसाला सांगत होते, "तीस वर्षांत एक उतारू मागे सोडला नाही मी. एक! विचारा हिला." तो माणूस बिचारा डुबकी मारून निघून गेला. साडेपाचला सूर्य वर आला आणि सहाला किनारा रिकामा. इथलं ऊन मी विसरलेच होते. तुझ्या लग्नाला आले होते तेव्हा थंडी होती.

यांनी जोडीचे शर्ट घेतलेत. सगळ्या जोड्या घालतात म्हणे. नारिंगी, त्यावर अननस. लग्नाला छत्तीस वर्षं झालेली मी आणि गुडघे धरून चालणारे हे, दोघे अननस घालून गाव बघणार. मी त्यावर उन्हाचा झगा चढवणार आहे. हॉटेलच्या दारातल्या बाईकडून घेतला, जांभळा, पांढऱ्या फुलांचा, डोक्यापासून बोटांपर्यंत झाकणारा. वर तोंडावरचा फडका आणि काळा चष्मा. अननस कुणाला दिसायला नको.

हॉटेलच्या मुलीला मी सहज विचारलं, मासळीच्या वड्यांच्या शेवया कुठे चांगल्या मिळतात. तिने पहिलं नाव तुझ्या दुकानाचं घेतलं. "मिएनकाकूंकडे जा, इथून तीन किलोमीटर. पण लवकर जा, रस्सा संपतो." मी म्हटलं, आम्ही मासे खात नाही. हे माझ्या शेजारी उभे होते. काल रात्री यांनी दोन बांगडे खाल्लेत.

तुला भेटायचं की नाही हे मी ठरवलेलं नाही. तू दार लावून घेतलंस तर मी काही बोलणार नाही. त्या दिवशी शेतात, आईच्या थडग्यापाशी, तू मला जे बोललीस ते मी विसरले नाही, आणि त्यावर मी जे सांगितलं तेच आजही सांगते. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. आपल्याकडच्या रीतीने तिच्या अस्थी वर काढून, धुऊन, लहान पेटीत घालून नव्या जागी ठेवायच्या होत्या. तुमच्याकडे हे करत नाहीत, एकदा पुरलं की पुरलं. तुझ्या सासरच्यांना ते चमत्कारिक वाटलं असेल, तरी तू एकटी निघालीस. आणि आलीस तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, माती ओली होती. मुहूर्त काढणाऱ्या बुवांनी ऐनवेळी दिवस अलीकडे आणला, तुला कळवायला सवड मिळाली नाही. असं मी म्हटलं होतं.

हे खालून हाका मारतायत. भाड्याची मोटारसायकल आली आहे. आधी जुळे मनोरे, मग जेवण, मग पुलापलीकडे वाऱ्याची खिंड, असा बेत त्यांनी कागदावर लिहून काढलाय, वेळापत्रकासकट. तुझी एक वस्तू माझ्याकडे आहे. ती पिशवीत घेते. का घेते ते माहीत नाही.

थोआनताई


त्याच दिवशी, दुपारी एक

मिएन,

पुलाच्या अलीकडे रस्त्याकडेला झुल्यांचं दुकान आहे, नारळाच्या झापांचं छप्पर. एक नारळ घ्या आणि हवा तेवढा वेळ झोळीत पडा. हे पडलेत. पोटावर टोपी, तोंड उघडं. आणखी पंधरा-वीस माणसं अशीच टांगलेली आहेत. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर मऊ झालंय. मी वही घेऊन कोपऱ्यात बसले आहे.

सकाळ छान गेली. खरंच छान गेली, उगाच म्हणत नाही. मनोऱ्यांपाशी यांनी पहारेकऱ्याला विचारलं, "केवढे जुने?" तो म्हणाला, आठशे वर्षं. हे म्हणाले, "आणि एकदाही रंग नाही दिला?" पहारेकरी हसला, मग त्यानेच आमचा फोटो काढला. झगा काढायला लावला. "अननस दिसू देत ना, काकू." फोटोत आम्ही दोघे एका टोपलीतली फळं दिसतो. मग यांनी मला भाजलेला तांदळाचा पापड घेऊन दिला आणि अर्धा स्वतःच खाल्ला. मनोऱ्याच्या सावलीत आम्ही कितीतरी वेळ बसलो होतो. मला म्हणाले, "गुडघा दुखत नाहीये आज." मी म्हटलं, मग आलो ते बरंच झालं. म्हणाले, "गुडघ्यासाठी आलोय होय?" आणि पापडाचा तुकडा तोंडात टाकला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

सकाळच्या पत्रात दोन गोष्टी लपवल्या. आता हे झोपलेत तोवर सांगते.

तुझ्या दुकानाचा नंबर मी फोनमध्ये घातलेला नाही. मानी म्हण, हट्टी म्हण. ज्या बहिणीने पाठ फिरवली तिचं नाव मी माझ्या फोनमध्ये का ठेवू? पण नंबर पाठ आहे. यांचा नंबर मला सांगता येणार नाही, मुलाचाही नाही, सगळं फोनमध्ये आहे. तुझा मात्र झोपेतून उठवून विचारलास तरी सांगेन. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला आईपुढे उदबत्ती लावली की घरच्या फोनवरून तो फिरवते. घंटा वाजायच्या आत ठेवून देते, असं लिहिणार होते. ते खरं नाही. तू "हॅलो, किती वाट्या?" म्हणतेस तिथपर्यंत ऐकते. मग ठेवते.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची.

तुला आठवतं, मोठ्या मामांच्या मुलीचं लग्न? तू बारा वर्षांची होतीस. नवा हिरवा झगा घालून नवरीच्या खोलीत निघालीस, आणि मामींनी दारातच अडवलं. वाघाच्या वर्षात जन्मलेली पोर नवरीसमोर नको, संसाराला बाधते. तुला मागे स्वयंपाकघरात बसवलं, बदकांची पिसं काढायला. मी आत होते. मी बाहेर आले नाही. संध्याकाळी तुझ्या केसांत पिसं होती. त्यानंतर तू कुणाच्या लग्नाला गेली नाहीस, आणि स्वतःचं केलंस ते इतक्या लांब.

दिवस अलीकडे आणला नव्हता, मिएन. दिवस आधीपासून तोच होता. बुवा म्हणाले होते, वाघाच्या वर्षाचं माणूस अस्थी उघडताना तिथे नको, त्याच्याच जिवावर येईल. तुला तसं सांगते तर तू पुन्हा त्या स्वयंपाकघरात जाऊन बसली असतीस, आणि या वेळी तुला तिथे बसवणारी मी असते. म्हणून मी तुला एक दिवस उशिराचा सांगितला.

आता लिहून झालं. हे तुला सांगितलं तर जुनं खोटंच बरं होतं असं तुला वाटेल. सांगितलं नाही तर मी उद्या गाडीत बसेन आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा तुझं "किती वाट्या" ऐकून फोन ठेवेन. मला तसं म्हातारं व्हायचं नाही.

हे उठले. "चल, खिंडीची वेळ झाली, पाच मिनिटं उशीर आहे," म्हणतायत. कुणाला उशीर होतोय देव जाणे. माझी पिशवी आणि माझा फोन त्यांनी सीटखालच्या खणात टाकलेत. मी तेवढ्यात मागे जाऊन येते.

थोआन


त्याच दिवशी, संध्याकाळी सात
तुझ्या दुकानातून, खिडकीजवळच्या टेबलावरून

प्रिय मिएन,

(लिहिलं, आणि ठेवलं.)

तू आत वड्या तळते आहेस आणि हे तुझ्याशेजारी पाटावर बसून झालेल्या प्रकाराची स्वतःची आवृत्ती सांगतायत. इथवर ऐकू येतंय. ती खोटी आहे. म्हणून खरी इथे लिहून ठेवते.

मी मागे गेले ती फार तर चार मिनिटं. परत आले तर मोटारसायकल नाही. रस्त्यावर पाहिलं, तर दूर पुलाच्या चढावर यांचं पिवळं हेल्मेट, आणि मागे जांभळ्या, पांढऱ्या फुलांच्या झग्यातली एक बाई. मिएन, क्षणभर मला वाटलं की ती मीच आहे आणि इथे दुसरंच कुणीतरी उभं आहे.

दुकानाची मालकीण कपाळाला हात लावून हसत सुटली.

"अवो बाई, तुमच्या मालकानं आमची शिक्षिकाबाई पळवली की! तिनं भाड्याची गाडी बोलावली हुती. ही थांबलेली दिसली, बसली. म्हनली, चला."

"आणि हे निघाले?"

"निघाले म्हंजे? बुंगकन गेले! झगा तोच, फडका तोच. आमच्या गावात अर्ध्या बायका ह्योच झगा घालत्यात. नवऱ्यांनी वळकायचं कसं?"

तीस वर्षांत एक उतारू मागे सोडला नाही म्हणे! सोडला तो छत्तीस वर्षांचा.

मालकिणीने स्वतःचा फोन पुढे केला. "सांगा मालकाचा नंबर." मी तोंड उघडलं आणि मिटलं. "आवो, नवऱ्याचा नंबर येत न्हाई तुमास्नी?" नाही येत. "माझ्या फोनमध्ये आहे," म्हटलं. तोही यांच्या सीटखाली. "मग कुणाचा तरी येतो का न्हाई?" झोपलेली माणसं झोळ्यांतून माना वर करून बघायला लागली होती. ऊन असं की उभं राहवेना. हातात ही वही आणि अर्धा नारळ. माझी पिशवी पुलावरून चालली होती, आणि तिच्यात कागदाची एक पुडी होती. पैशांचं मला काही नव्हतं, त्या पुडीसाठी जीव वरखाली होत होता.

एकच नंबर येत होता. तो मी सांगितला.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने सांगते. तू म्हणालीस, "हॅलो, किती वाट्या?" नऊ वर्षांची सवय, इथेच फोन ठेवायचा. पण फोन दुसऱ्याचा, ठेवून जायचं कुठे? मालकीण हाताने 'बोला, बोला' करत होती. आणि मग तू म्हणालीस,

"ताई, आज तरी बोल. नाहीतर ठेवते. गिऱ्हाईक उभं आहे."

अगं, परक्या फोनवरून! मी श्वाससुद्धा नीट घेतला नव्हता. नंतर मी तुला विचारलं तर तू काय म्हणालीस, "शेवयांच्या दुकानाला दर पौर्णिमेला फोन करून गप्प बसणारं दुसरं कोण असणार?" म्हणजे सगळी वर्षं तुला माहीत होतं. आणि तरी तू दरवेळी "किती वाट्या" विचारत राहिलीस, दुसरं काही न विचारता. तूही काही कमी नाहीस.

मला एवढंच बोलता आलं, "मिएन, तुझे भाऊजी मला पुलाजवळ विसरून दुसरीच बाई घेऊन गेले."

मग तू हसलीस. आईसारखी, नाकातून. नऊ वर्षांनी ऐकलं ते.

तू मोटारसायकल घेऊन आलीस तीसुद्धा जांभळा झगा घालून! मी चढेना. "बस," म्हणालीस. मी म्हटलं, "आधी फडका काढ. आजच्या दिवसात मला घोटाळा परवडणार नाही." तू फडका खाली केलास. हनुवटी थेट आईची झाली आहे तुझी. मालकीण म्हणाली, "बगा, वळक पटवून घेतली. असं करावं मान्सानं." मग मी बसले.

पाठीमागे बसून बोलणं सोपं असतं. समोर बसवून चहा देऊन विचारलं असतंस तर मी हवापाण्यावर बोलत बसले असते. तुझी पाठ होती आणि वारा होता. मी मोठ्याने म्हटलं, "मुहूर्त बदलला नव्हता. मीच तुला उशिराचा दिवस सांगितला. बुवा म्हणाले, वाघाच्या वर्षाचं माणूस तिथे नको."

तू गाडी बाजूला घेतलीस, बदामाच्या झाडाखाली. बंद केलीस. वळली नाहीस.

"आणि तू मानलंस?"

"मानलं."

"शाळेत पोरांना विज्ञान शिकवायचीस ना तू?"

"शिकवायची."

"मग?"

"भीती वाटली. म्हणाले, तिच्याच जिवावर येईल."

"मला विचारायचं तरी. मी आले असते, लांब उभी राहिले असते. बांधावर. पाठ करून. मी काय मागत होते गं? तिथे असायचं होतं फक्त."

मग जे मी दुपारच्या पत्रातही लिहिलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "आणि मला ती थोडा वेळ एकटीला हवी होती, मिएन. तुझ्यावर तिचा जीव जास्त होता. तू लांब गेलीस तरी तुझंच नाव घ्यायची. सांभाळलं मी आणि वाट तुझी बघायची. म्हटलं, हे तरी माझं एकटीचं."

एक बर्फवाला गेला, एक कुत्रं रस्ता ओलांडून सावलीत येऊन बसलं. मला वाटलं, आता म्हणशील उतर. तू गाडी सुरू केलीस.

"हे खरं बोललीस," म्हणालीस. "नीट धर. पुढे चढ आहे."

मी धरलं. तुझ्या झग्याला तळलेल्या मासळीचा वास होता. पुढे मी रडले ते तुला कळलं नसेल असं मी समजत नाही, पण कळलंय असं दाखवूही नकोस.

आता यांचं, आल्याआल्या मला एकटीला सांगितलेलं. हे पुलावर पोचले तेव्हा वाऱ्यामुळे मागची बाई काय म्हणते ते ऐकू येत नव्हतं, आणि ती पत्ता सांगत होती. यांना वाटलं मी नेहमीसारखी कुरकुरते आहे. म्हणून यांनी ठरवलं, आत्ताच बोलून टाकावं. अडीच किलोमीटरच्या पुलावर त्या शिक्षिकाबाईला यांनी सांगितलं, "मला ठाऊक आहे तू इथे कशासाठी आलीस. गुडघ्याचं नाटक मीही करतोय. आता खिंड-बिंड राहू दे, बहिणीकडे जाऊन ये. उगाच मरेपर्यंत उदबत्त्या लावून फोन करत बसू नकोस." पुलाच्या टोकाला ती बाई म्हणाली, "काका, मला इथे उतरवा. आणि तुमच्या बायकोला हे जरूर सांगा, चांगलं बोललात." हे म्हणतात, आपण तिला मुद्दाम सोडायला गेलो होतो, परोपकार म्हणून. आत तुला तेच सांगतायत. विश्वास ठेवू नकोस. झुल्यांच्या दुकानात परत आल्यावर यांनी मला फोन लावला आणि स्वतःच्याच सीटखाली घंटा वाजू लागली, तेव्हा सगळ्या झोळ्या हसल्या म्हणे. ते मात्र मालकिणीने मला तुझ्या दुकानाच्या फोनवर कळवलं, आणि यांना इकडचा पत्ताही तिनेच दिला.

मघाशी तू माझा फोन मागून घेतलास आणि त्यात काहीतरी केलंस. आत्ता पाहिलं. तुझा नंबर घातला आहेस. नाव 'वाघीण'.

मघाशी मी विचारलं, राग गेला का. तू म्हणालीस, "नाही. जाईल तेव्हा जाईल. वड्या गरम आहेत तोवर खा." बरं. मी वाट बघेन. आणि मग तू सकाळचं आणि दुपारचं पत्र उभ्या उभ्या वाचलंस, वही परत माझ्यापुढे टाकलीस आणि म्हणालीस, "आई कशी होती ते सांग. तोंडी नको. मी रडेन आणि तू थांबशील. लिही." म्हणून हे पत्र. बाकीचं सगळं मी वेळ काढायला लिहिलं.

आता लिहिते.

पहाट होती, धुकं होतं, थंडी मरणाची. उघडताना मी डोळे मिटले नाहीत. आई छोटी झाली होती. जमीन चांगली निघाली, कोरडी, अस्थी स्वच्छ होत्या, सोनेरी पिवळ्या. बुवा म्हणाले, नशीबवान बाई. तिला दुखलं असेल असं काहीही नव्हतं, मिएन. डाव्या मनगटाचं ते मोडून वाकडं जुळलेलं हाड, तू झाडावरून पडलीस तेव्हा तुला झेलताना मोडलेलं, ते तसंच वाकडं होतं. मी ते दोन्ही हातांनी धुतलं. उदाच्या पाण्यात, तांदळाच्या दारूत. एक एक हाड पायापासून डोक्यापर्यंत क्रमाने पेटीत लावलं. केस होते थोडे. दात होते, पुढची फट तशीच.

तुझा स्वेटर नव्हता राहिला. पहिल्या पगारातून तू पाठवलेला, जो ती उन्हाळ्यातही अंगावरून काढायची नाही म्हणून आम्ही तिला तोच घालून पाठवली होती, त्याची लोकर मातीत गेली होती. बटणं मात्र होती. निळी, पाच. बुवा म्हणाले, मातीतलं काही घरी न्यायचं नाही, फेकून द्या. ज्या माणसाचं ऐकून मी तुला येऊ दिलं नाही त्याचं मी याबाबतीत ऐकलं नाही. मुठीत धरली आणि खिशात टाकली. नऊ वर्षं माझ्या कपाटात होती, आज पुलावरून फिरून आली. चार या वहीखाली पुडीत ठेवली आहेत. ती तुझी.

तू मोजशील आणि विचारशील, पाचवं कुठे. तू नेहमी तिच्यावर चिडायचीस ना, गळ्याचं बटण लावत नाही आणि मग खोकत बसते? पेटीचं झाकण लावायच्या आधी मी ते तिच्या गळ्यापाशी ठेवलं. सगळ्यांची नजर चुकवून. आणि तिला हळूच सांगितलं, "हे मिएनने लावलंय."

ये आता बाहेर. वड्या करपल्याचा वास येतोय.

तुझी ताई